आत्यांची तीनशे पंधरा

आत्यांना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. दुर्गाघाटच्या गल्ल्यांत साधा राम राम सुद्धा ओरडून करतात, भांडण तर घाटाच्या खालच्या पायरीवर ऐकू जातं. आत्या मात्र जितक्या संतापत तितक्या हळू बोलत. समोरच्याला ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि वाकला की तो मेलाच म्हणून समजा. माझ्या लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिलं. आत्या रायफलीला तेल लावत बसल्या होत्या आणि फडकं आणायला आत गेल्या. घरी त्यांचा एक मावसभाऊ आलेला. त्यानं रायफल उचलली आणि गंमत म्हणून माझ्यावर रोखली. "काय सूनबाई, हात वर!"

आत्या दारात आल्या. काही न बोलता त्यांनी नळी धरून छताकडे वळवली, रायफल त्याच्या हातातून काढून घेतली.

"रिकामी आहे गं, माहीत आहे मला," तो हसत म्हणाला.

"उघडून बघितली होतीस?"

त्यानं मान खाली घातली.

"मग तुला माहीत नव्हतं. चप्पल घाल आणि नीघ. पुन्हा या घरी यायचं नाही."

सासरे मध्ये पडले, सासूबाईंनी चहा पुढे केला, काही उपयोग झाला नाही. तो मावसभाऊ खरंच पुन्हा आला नाही. मला तेव्हा वाटलं, बाई जरा जास्तच करतात. आता तसं वाटत नाही. आता वाटतं, सगळ्या जिल्ह्याला असंच एकदा दाराबाहेर काढायला हवं होतं.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवून त्या रिटायर झाल्या होत्या. त्यांचे वडील रेल्वेत इंजिनियर, उमेदीची वर्षं जंगलातून लाइन टाकण्यात गेली. तीनशे पंधरा बोअरची ती रायफल त्यांची. मुलगा, म्हणजे माझे सासरे, संस्कृतकडे वळला, सोवळंओवळं पाळू लागला, त्याला त्या लोखंडाचा विटाळ. मुलीला मात्र वडिलांनी स्वतः शिकवलं, आणि ते गेल्यावर परवाना तिच्या नावावर झाला. गल्लीत त्यांना 'बंदूकवाली बहिनजी' म्हणत. रायफल त्या तंबोऱ्याच्या जुन्या गवसणीत घालून नेत, त्यामुळे घाटावरच्या परक्या माणसाला वाटे, बाई गाण्याच्या शिकवणीला निघाल्या आहेत.

त्या जात गंगापार, नावेतून. पलीकडची वाळू ओलांडली की शेतं लागतात. मटार, हरभरा, गहू, आणि तुरीची माणसापेक्षा उंच ताटं. तिथं नीलगाईंचे कळप एका रात्रीत उभं पीक फस्त करत. शेतकरी सरकारकडे अर्ज करत, कचेरीतून मारायचा परवाना निघे, पण नावात 'गाय' असल्यामुळे बंदूक उचलायला कोणी तयार नसे. मग आत्यांना बोलावणं येई. आमच्या गल्लीतल्या वैदिक मंडळींना हे अजिबात खपत नव्हतं. एकदा एका शास्त्रीबुवांनी सासऱ्यांना वाटेत गाठून विचारलं, "तुमच्या घरात गोहत्या चालते म्हणे?" आत्या मागेच होत्या. म्हणाल्या, "शास्त्रीजी, ते हरणाच्या जातीचं जनावर आहे. आणि तुमच्या ताटातली तुरीची डाळ ते खातं. तुम्ही डाळ सोडा, मी बंदूक सोडते." शास्त्रीबुवांनी डाळ सोडली नाही. आत्या स्वतः मांसाला शिवत नसत, आणि मारण्यात त्यांना मौज वाटत असल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. परतताना नावेत त्या पाण्याकडे बघत बसत.

मी मूळची साताऱ्याकडची, चालण्याची सवय असलेली. आत्यांना सोबतीला माणूस हवं होतं. सासूबाई नको म्हणत असताना मी गेले आणि जात राहिले.

आता रायफलीबद्दल नीट सांगते, कारण पुढे कोर्टात तिच्याबद्दल वाटेल ते बोललं गेलं. त्या शेतांतली अडचण अशी की जनावर कधी तुरीतून अचानक तीस-चाळीस पावलांवर उठे, तर कधी वाळूच्या कडेला दीडशे पावलांवर उभं असे. दर वेळी अंतर मोजून नेम बदलत बसलात तर ते तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून आत्यांनी एकच नेम असा बसवला होता की जवळ-लांब दोन्हीकडे चालावा. मातीच्या बांधाला पोतं टेकवायचं, त्यावर काळा कागद. वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून आत्या पालथ्या पडत. एक गोळी, मग नळी निवेपर्यंत थांबायचं, मग दुसरी. मी चालत जाऊन भोकं बघायची आणि खळ लावून कागद चिकटवायचा. काडतुसं सगळी एकाच जातीची, कारण दुसऱ्या जातीची गोळी वेगळी पडते. शंभराहून थोड्या जास्त पावलांना गोळी बरोबर मध्यात बसायची. त्याच्या अलीकडे एखाद-दोन बोटं वर, दीडशेला चार बोटं खाली. जनावराचं काळीज-फुप्फुस याहून मोठं असतं, म्हणजे मधल्या कुठल्याही अंतरावर काही न फिरवता मारता येतं. "आणि दीडशेच्या पुढे?" मी विचारलं होतं. "पुढचं जनावर माझं नाही. जाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या.

दुर्बीण त्यांनी मुद्दाम छोटी घेतली होती. मोठ्या दुर्बिणीतून तुरीत नुसती पानंच दिसतात. ती रायफलीवर जरा उंच बसवलेली होती, खालच्या फटीतून नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, तोही दिसे. जनावर अगदीच जवळ उठलं तर दुर्बीण विसरून माशीवरून नेम घ्यायचा. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता पुरुषाच्या हाताच्या मापाचा होता, तो त्यांनी ओळखीच्या सुताराकडून कापून घेतला आणि टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. "वस्तू माणसाच्या मापाची पाहिजे. उलटं कशाला?" इतकं सगळं जुळल्यावर त्यांनी माझ्याकडे माझ्या लग्नाच्या शृंगारपेटीतलं लाल नेलपॉलिश मागितलं. दुर्बिणीवर नेम वरखाली करायची एक चकती असते. ती चकती आणि तिच्या खालची बैठक यांच्यावरून मी एक बारीक उभी रेघ ओढली. कोणी चकती केसभर जरी फिरवली तरी रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसावेत, एवढ्यासाठी. रेघ जरा वाकडी आली. आत्या म्हणाल्या, "वाकडी आली ते बरंच झालं. दुसऱ्या कोणाला तश्शी काढता यायची नाही."

घोडा ओढण्याआधी त्या दर वेळी मला विचारत, "मागे काय आहे?" आणि मी मोठ्यानं उत्तर द्यायचं. 'मातीचा बांध' म्हटलं तरच गोळी सुटे. एकदा भला मोठा नर आडवा उभा राहिला, अगदी शंभर पावलांवर. मी म्हटलं, "मागे तूर आहे." आत्यांनी रायफल खाली केली. शेतकरी चिडले, एकानं तोंडावर सुनावलं की बहिनजींचा हात आता म्हातारा झाला. तिथंच फुलमती बसली होती. बिरजू नावाच्या शेतमजुराची बायको, विशी-बाविशीची, आम्ही गेलो की शेकोटीवर हरभऱ्याचे हिरवे घाटे भाजून देणारी. "बहिनजी, तनी होरहा खा ला," असं म्हणत ओंजळच पुढे करायची. त्या दिवशी तिनं विचारलं, "मरलीं काहे ना, बहिनजी?"

"पीछे अरहर है. अंदर कौन घास काट रहा है, मुझे दिखता है क्या?"

फुलमती खो खो हसली. "हमहीं त काटीला!"

त्यानंतरच्या हिवाळ्यात निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा करायची, असा तिकडचा रिवाज. आत्यांनी नेहमीप्रमाणे रायफल पुसून, तेल लावून, गवसणीत घालून जमा केली. ठाण्याच्या हेड मुन्शीला तिकडे दीवानजी म्हणतात. त्या दीवानजींना त्यांनी रेघ दाखवली आणि बजावलं, "इसे कोई हाथ न लगाए." दीवानजी पान चघळत म्हणाले, "आपकी बेटी समझकर रखेंगे, बहनजी."

मतदान होऊन गेलं, निकाल लागले, तरी रायफल मिळेना. आज साहेब नाहीत, उद्या या. आणि अशाच एका दिवशी नावाड्यानं निरोप आणला की फुलमती गेली. गोळी लागून.

आम्ही त्याच नावेतून गेलो. तिला पोस्टमॉर्टेमला नेलं होतं. घराबाहेर बिरजू भिंतीला टेकून बसला होता आणि त्याची आई आमच्याकडे बघायलाही तयार नव्हती. गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त पोलिसांना माहीत नव्हतं. एक म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "साहब लोग जीप से आयल रहलन. दूरबीन वाली बंदूक रहल." जिल्ह्यातल्या एका बड्या साहेबाचे जावई सुट्टीला आले होते. त्यांना शिकारीची हौस. नीलगाय साठेक पावलांवर होती, मागे तूर होती. जावयांनी गोळी झाडली, जनावर उडी मारून पळालं, आणि तुरीतून किंकाळी आली. जीप तशीच वळली. कोणी उतरून बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित ती वाचली असती, कारण म्हातारा सांगत होता, ती बराच वेळ पाणी मागत होती.

पोलिसांनी लिहिलं, अज्ञात शिकारी.

पुढच्याच आठवड्यात ठाण्यातून रायफल परत मिळाली, न मागता. आत्यांनी घरी येऊन गवसणी काढली, रायफल खिडकीपाशी नेली आणि मला हाक मारली. लाल रेघ तुटली होती. वरचा तुकडा चांगला बाजूला सरकला होता. नळीत तेलाचा वास नव्हता, जळक्या दारूचा होता. मी म्हटलं, "आत्या, पुन्हा नेम बसवायला लागेल." त्यांनी चकतीकडे नेलेला हात मागे घेतला.

"हात लावायचा नाही. कोणीच नाही. बघ, कुठल्या दिशेला फिरवलीय. लांबच्या नेमाला. कोणीतरी त्याला सांगितलं असेल, साहेब, याने फार दूरचं मारता येतं. मग साठ पावलांवरच्या जनावरावर धरलं की गोळी वीतभर वरून जाणार. पाठीवरून गेली आणि मागे..." मग त्या इतक्या हळू बोलल्या की मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. "नेम चुकतो गं. माझाही चुकलाय. मागे काय आहे ते त्या नालायकानं बघितलं नाही. आणि उतरला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या, त्यांच्या कॉलेजातली एक जुनी विद्यार्थिनी जी आता वकील होती, आणि मी, अशा तिघी पोलीस कप्तानांच्या ऑफिसात गेलो. ठाण्यात नाही, सरळ वर. आत्यांनी टेबलावर रायफल ठेवली आणि म्हणाल्या, "फुलमती इस राइफल से मरी है. इसे ज़ब्त कीजिए और गोली से मिलाइए."

तो अधिकारी तरुण होता. आधी त्याला कळलंच नाही. मग म्हणाला, "माताजी, लाइसेंस आपका है. गोली मिल गई तो मुलज़िम आप होंगी."

"होऊंगी. फिर आपको बताना पड़ेगा कि उस दिन मैंने थाने के मालखाने में घुसकर बंदूक कैसे चलाई."

त्यानं पंचनामा करून रायफल सील केली. ती आत्यांनी शेवटची पाहिली.

घरी काय झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते, आणि राग येतो. ज्या सासऱ्यांचा मी आदर करत आले ते म्हणाले, "एका मजुरणीसाठी घराण्याचं नाव कोर्टात नेलंस?" आत्यांनी जेवणाचं ताट बाजूला केलं. "दादा, तिच्या हातचे घाटे मी खाल्लेत," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. त्यानंतर भाऊ-बहीण एका घरात राहून बोलले नाहीत. माझे यजमान मधल्या मध्ये घुटमळत राहिले. ज्या शास्त्रीबुवांना नीलगाईचा एवढा कळवळा होता, ते आता म्हणू लागले की बंदुकीच्या पापाचं फळ मिळालं. बाई मेली त्याबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द मी ऐकला नाही.

गोळी जुळली. मग दीवानजी सस्पेंड झाले, आरोपी म्हणून जावईसाहेबांचं नाव आलं, आणि तारखा सुरू झाल्या. याआधी एक माणूस मिठाईचा डबा घेऊन आमच्याकडे येऊन गेला होता. अगदी अदबीनं बोलला. बहनजींनी फक्त एवढं म्हणावं की चकती जमा करण्याआधी त्यांच्याच हातून फिरली होती आणि दीवानजींनी ती पलीकडच्या शेतात नेऊन तपासताना चुकून गोळी उडाली. मग परवाना राहील, रायफल परत मिळेल, बिरजूचंही बघितलं जाईल. आत्यांनी ऐकून घेतलं. मग डबा उघडून गल्लीतल्या गाईसमोर ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "ख़ाली डब्बा ले जाइए. और कहिए कि लाइसेंस भी मैं खुद ही लौटा रही हूं." परवाना त्यांनी खरंच परत केला. वडिलांची शेवटची वस्तू, ती रायफल, आता परत येणार नव्हती. सही करून बाहेर आल्यावर कचेरीच्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मी पाणी आणलं. म्हणाल्या, "मला रडू येत नाहीये, चीड येतेय. पण पाय चालत नाहीयेत."

आत्यांची साक्ष अर्धी झाली. उलटतपासणीच्या प्रत्येक तारखेला समोरचा वकील आजारी पडे. कधी हाकिम, म्हणजे न्यायाधीश, रजेवर, कधी वकिलांचा संप. आत्या पांढरं सुती पातळ नेसून, चालत, वेळेवर जात. त्या बाकावर ताठ बसत आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन येत. दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्यात त्यांच्या छातीत कफ झाला. तापातसुद्धा त्या मला तारीख विचारत होत्या. मी सांगितलं, पुढल्या महिन्यात. म्हणाल्या, "तू जा. जे बघितलंस तेवढंच सांग. रागावून एक शब्दही जास्त सांगू नकोस, तो शब्द धरून ते सुटतील." हे त्यांचं मला शेवटचं सांगणं. मणिकर्णिकेवर बिरजू आला होता. लांब उभा राहिला, चिता पेटल्यावर गेला.

मी साक्ष दिली. रेघ मी ओढली, कशी होती, कशी झाली, तेवढंच. समोरच्या वकिलानं विचारलं, "तो अब नाखून की पॉलिश से क़त्ल साबित होगा?" सगळं कोर्ट हसलं. हाकिमही. मी एक शब्द जास्त बोलले नाही. नखं तळहातात रुतवून उभी राहिले.

म्हातारा साक्षीदार फिरला. जीपचा ड्रायव्हर फिरला. बिरजू कामासाठी सुरतेला गेला तो तारखांना येईनासा झाला, आणि त्याला दोष कसा देऊ? निकाल लागला त्या दिवशी फिर्यादीच्या बाजूला मी एकटीच होते. गोळी याच रायफलीची, हे सिद्ध झालं. रायफल त्या दिवशी कोणाच्या हातात होती, ते सिद्ध झालं नाही. दीवानजी तर आधीच नोकरीवर परत घेतले गेले होते. जावईसाहेब संशयाचा फायदा मिळून सुटले. रायफल सरकारजमा करून नष्ट करावी, असा हुकूम झाला. त्या सगळ्या खटल्यात शिक्षा झाली ती तेवढ्या एका रायफलीला.

बाहेर व्हरांड्यात जावईसाहेबांच्या भोवती माणसं हार घेऊन उभी होती. मी बाजूनं निघाले तसे ते गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले आणि हात जोडले. चांगला सभ्य चेहरा, कानापाशी केस पिकायला लागलेले.

"भाभीजी, जो हुआ बहुत बुरा हुआ. मुझे खुद रात को नींद नहीं आती थी. आपके मन में कोई गिला न रहे."

मी म्हटलं, "जो मरी, उसका नाम क्या था?"

त्यांनी तोंड उघडलं. मग शेजारी उभ्या असलेल्या वकिलाकडे पाहिलं. वकिलानं काखेतली फाइल काढली आणि पानं उलटू लागला.